थांबायचं कधी, हे कोण ठरवतं?

महाराष्ट्रात माणूस नेमका कितव्या वर्षी म्हातारा होतो, याचं एकच उत्तर सरकारी कागदांत सापडत नाही. राज्य सरकारचा कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो, चतुर्थ श्रेणीतला ६०व्या वर्षी. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाप्रमाणे साठी ओलांडली की माणूस ज्येष्ठ. एसटीत पुरुषाला अर्ध्या तिकिटासाठी ६५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, मोफत प्रवासासाठी ७५. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन ६५ नंतर मिळतं, तर आयुष्मान भारतचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड ७० नंतर. ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाचं शरीर मात्र यांतल्या कोणत्याच आकड्यासाठी थांबत नाही. ते पन्नाशीतच थकतं.

वृद्धांच्या प्रश्नावर आपल्याकडे तीन वेगवेगळ्या चर्चा चालतात. पहिली कामाची: निवृत्तीचं वय किती असावं, पेन्शन जुनी की नवी. दुसरी आरोग्याची: विमा, शस्त्रक्रिया, स्मृतिभ्रंश. तिसरी सहभागाची: एकटेपणा, विरंगुळा, संघ, सहली. चर्चा करणारी माणसं वेगळी, खाती वेगळी, शासन निर्णयही वेगळे. प्रत्यक्षात एकाच म्हाताऱ्या माणसाच्या घरात या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पेन्शन नसेल तर काम सुटत नाही. काम सुटत नसेल तर गुडघ्यावर इलाज होत नाही. गुडघा गेला की देवळापर्यंतचं जाणंही थांबतं. हे तिन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे, मुख्यतः महाराष्ट्रापुरता.

किती आणि कोण

२०११च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात ती १ कोटी ११ लाख, म्हणजे ९.९ टक्के. गोव्यात हे प्रमाण ११.२ टक्के होतं आणि केरळात १२.६. त्यानंतर २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजांचे आहेत. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार २०२२मध्ये भारतात सुमारे १४.९ कोटी ज्येष्ठ होते. २०५०पर्यंत ते ३४.७ कोटींवर जातील. तेव्हा दर पाच भारतीयांमध्ये एक ज्येष्ठ असेल.

याच अहवालाप्रमाणे साठीला पोचलेला भारतीय सरासरी आणखी १८.३ वर्षं जगतो; पुरुष १७.५, बाई १९. पूर्वी साठीनंतरचा काळ म्हणजे आयुष्याची उरलीसुरली वर्षं असं मानलं जाई. आता तो एका अख्ख्या पिढीच्या बालपणाइतका लांब झाला आहे. ही १८ वर्षं कशावर काढायची, याचं उत्तर मात्र फार थोड्यांकडे आहे. देशातले ४० टक्क्यांहून अधिक ज्येष्ठ संपत्तीच्या उतरंडीत सर्वांत खालच्या गटात येतात. १८.७ टक्के ज्येष्ठांना स्वतःचं कसलंच उत्पन्न नाही.

बायका जास्त जगतात, पण त्या जास्तीच्या वर्षांत त्या बहुधा विधवा असतात. सातबारावर त्यांचं नाव नसतं, हातात पैसा नसतो, कागदपत्रं अर्धवट असतात. शेतकरी संघटनेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. ती मोहीम स्त्रीमुक्तीची म्हणून लक्षात राहिली. आज मागे वळून पाहताना ती म्हातारपणाच्या तरतुदीची मोहीमही वाटते. ज्या म्हातारीचं नाव उताऱ्यावर आहे, तिच्याशी घरात बोलण्याची रीत वेगळी असते, हे गावात कुणालाही विचारा.

दोन प्रकारचं म्हातारपण

निवृत्ती हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो लागू पडतो थोड्यांनाच. २०११च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतात साठीपुढचे ६६ टक्के पुरुष आणि २८ टक्के स्त्रिया काम करत होत्या. शहरांत ४६ टक्के पुरुष आणि ११ टक्के स्त्रिया. गावातला म्हातारा शहरातल्यापेक्षा धडधाकट आहे, असा याचा अर्थ नाही. शहरात काहींना पेन्शन असते, गावात शेत असतं. आणि शेताला निवृत्ती नसते. २०१७-१८मध्ये देशभरातल्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी झाली. देवनारच्या संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साथीने ती केली. तिच्यातही साठीपुढच्या साधारण ३६ टक्के लोकांनी आपण आजही काम करतो असं सांगितलं.

स्त्रियांचा आकडा इतका कमी का, हे तपासायला हवं. पहाटे गोठ्यात शिरणारी, शेण-पाणी करणारी, दुपारी नातवंड सांभाळणारी, संध्याकाळी भाकरी थापणारी सत्तरीची बाई ‘काम करता का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असते’ असंच उत्तर देते. प्रगणकही तेच लिहून घेतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या सुनेचा किंवा मुलीचा पगार अनेकदा आजीच्या भरवशावर उभा असतो. पाळणाघर परवडत नाही किंवा त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून गावाकडची आजी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहते. तिचे कष्ट कुठल्याही हिशेबात धरले जात नाहीत.

सोसायट्यांच्या गेटवर रात्रपाळीला बसणारे वॉचमन पाहा. त्यांत पंचावन्न-साठीच्या पुढचे कितीतरी असतात. गावाकडे शेती पुरेना, मुलांचं बस्तान बसलेलं नाही, म्हणून बारा बारा तासांची पाळी करायला ते शहरात येतात. त्याच सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्याच वयाचे असतात. ते सकाळी फिरायला जाताना वॉचमनला हात करतात. जन्मसाल एक असलं तरी या दोघांची म्हातारपणं निरनिराळी आहेत. एकाला थांबता आलं, दुसऱ्याला येत नाही. या सगळ्या प्रश्नाचा गाभा हा फरक आहे आणि बाकीचे बहुतेक फरक यातून निघतात.

पेन्शनच्या तीन पायऱ्या

हा फरक कुठून येतो, ते पेन्शनच्या रचनेत स्पष्ट दिसतं. वरच्या पायरीवर सरकारी कर्मचारी. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन मिळणार नाही असं ठरलं. मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले आणि राज्यभरातली कार्यालयं, शाळा, रुग्णालयं आठवडाभर अडखळली. मागणीत तथ्य होतं: बाजारावर अवलंबून असलेल्या रकमेच्या भरवशावर म्हातारपण काढायचं कसं? पण ज्यांना कसलीच पेन्शन नाही, त्यांच्यासाठी असा संप कुणी करत नाही. संप करायला आधी पगार लागतो.

मधल्या पायरीवर खासगी कारखाने, सहकारी संस्था, साखर कारखाने आणि एसटी महामंडळातले कामगार. त्यांच्यासाठी १९९५ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४मध्ये महिना १००० रुपये झाली आणि तिथेच अडकून राहिली. तीस-तीस वर्षं नोकरी करून दीड-दोन हजारांवर भागवणारी माणसं या योजनेत आहेत. त्यांच्या संघटनेचं बुलढाण्यातलं साखळी उपोषण २०१८पासून चाललं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी इतकी वर्षं आंदोलन रेटणारी ही माणसं साठी-सत्तरीची आहेत, हेही नोंदवायला हवं.

खालच्या पायरीवर बाकी सगळे. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले, विधवा. महाराष्ट्राने या बाबतीत सुरुवात लवकर केली होती. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८०मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १९९५चा. त्यातला वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा केंद्राचा वाटा ८०च्या आतल्यांसाठी महिना २०० रुपये आणि त्यापुढच्यांसाठी ५०० रुपये आहे. २०० रुपयांचा हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ हललेला नाही. बाकीचा भार राज्याने उचलायचा. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची एकूण रक्कम २०१९मध्ये ६०० वरून १००० झाली आणि २०२३मध्ये १५००. शेजारी गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना २००० रुपये मिळतात.

रकमेपेक्षाही अट जास्त बोलकी आहे. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षं २१ हजार रुपये राहिली, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. घरात एक माणूस आठवड्यातले दोन-तीन दिवस मजुरीला गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आता याच्या शेजारी २०२४ची मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ठेवा. रक्कम तीच, १५०० रुपये. वयाची अट २१ ते ६५. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. म्हणजे ६४ वर्षांच्या बाईसाठी सरकार अडीच लाखांपर्यंतच्या घराला गरजू मानतं आणि ती ६५ पार झाली की गरजूपणाची व्याख्या २१ हजारांवर येते. वय वाढलं, हातपाय थकले, औषधांचा खर्च सुरू झाला आणि नेमक्या त्याच वाढदिवशी हातात येणारे पैसे बंद. हे कुणी दुष्टपणाने ठरवलं नसेल. दोन योजना दोन खात्यांनी दोन काळांत आखल्या आणि त्यांच्या मधल्या फटीत म्हातारी पडली.

अटी पूर्ण होणाऱ्यांनाही कागदांचं दिव्य असतंच. तलाठ्याचा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. वयाचा पुरावा, शाळेत न गेलेल्या पिढीकडे शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? आधारवर कितीजणांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, ते पाहिलं तर वयाची नोंद कशी झाली ते कळतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. आयुष्यभर खुरपं, कोयता, टोपली धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मशिनवर अंगठा लागत नाही. ज्या कष्टांमुळे पेन्शनची गरज निर्माण झाली, तेच कष्ट ती मिळण्याच्या आड येतात.

म्हातारे तरुणांच्या जागा अडवतात का?

निवृत्तीचं वय ५८वरून ६० करा, ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी. तिला विरोध होतो तो एकाच मुद्द्यावर: मग तरुणांनी कुठे जायचं? जुलै २०२३मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट पाहणारे तरुण संतापले. त्यांचा संताप रास्त होता.

जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी २०१०मध्ये श्रीमंत देशांची तुलना मांडली, तेव्हा ज्येष्ठांना लवकर घरी पाठवलं म्हणून तरुणांचा रोजगार वाढला असं कुठेच दिसलं नाही. अर्थव्यवस्थेत कामांची संख्या ठरलेली नसते. कमावणारा माणूस खर्चही करतो आणि त्यातून नवं काम निघतं. पण हा निष्कर्ष आपल्या सरकारी नोकरीला जसाच्या तसा लावता येत नाही. मंजूर पदांची संख्या ठरलेली असते, तिथे एक खुर्ची अडली म्हणजे ती अडलीच. तेव्हा वाद खुर्च्यांचा आहे हे मान्य करावं, पण त्यावरून साऱ्या वृद्धांच्या कामाबद्दल मत बनवू नये. वीटभट्टीवर राबणाऱ्या ६५ वर्षांच्या माणसाची जागा घ्यायला कुणी तरुण रांगेत उभा नसतो.

काम शरीराला काय करतं

‘काम करत राहा, तब्येत चांगली राहील’ हे वाक्य पेन्शनरांच्या मेळाव्यात हमखास ऐकू येतं. संशोधन काय सांगतं? निकाल संमिश्र आहेत. अमेरिका आणि युरोपातल्या काही अभ्यासांत लवकर निवृत्त झालेल्यांची स्मरणशक्ती लवकर उतरलेली दिसली. दुसरीकडे कष्टाचं, ताणाचं काम सुटल्यावर तब्येत सुधारल्याचंही आढळलं. शिवाय इथे एक खोच आहे. साठीनंतर काम करणारे निरोगी दिसतात, कारण जे आजारी पडले ते आधीच कामाबाहेर गेलेले असतात. कामामुळे तब्येत टिकली की तब्येत होती म्हणून काम टिकलं, हे वेगळं काढणं कठीण जातं. एवढं मात्र म्हणता येतं की उत्तर कामाच्या जातीवर अवलंबून असतं. निवृत्त प्राध्यापकाने आठवड्यातून दोन व्याख्यानं देणं आणि निवृत्ती नसलेल्या हमालाने पोती उचलणं, यांना एकाच ‘काम’ या शब्दात बसवून सल्ला देता येत नाही.

महाराष्ट्रात याचं सर्वांत कठोर उदाहरण बीडचं आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली, तेव्हा २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. यांतल्या कितीतरी तिशी-चाळिशीतल्या. पाळीच्या दिवसांत कामात खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, तळावर संडास नाही, पाणी नाही, आणि खासगी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो. गर्भाशयाबरोबर बीजांडंही काढली गेली तर बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते. हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका आधी येतो. अशा बाईचं म्हातारपण साठीत मोजायचं की चाळिशीत? तिला ६५व्या वर्षी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनापर्यंत पोचायला अजून पंचवीस हंगाम बाकी असतात.

दुसरं उदाहरण आशेचं आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. कुणाचाही कायम नोकर नसलेल्या हमालाची माथाडी मंडळाकडे नोंदणी झाली आणि त्याला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार मिळण्याची वाट उघडली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हेच काम केलं. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणा, ही हमालांची जुनी मागणी वरवर पाहता मजुरीच्या वादातली वाटते. खरं तर ती निवृत्तीच्या वयाची मागणी आहे. पोत्याचं वजन ठरवतं की पाठ पंचेचाळिसाव्या वर्षी जाणार की साठाव्या. म्हातारपणातलं आरोग्य मोठ्या प्रमाणात आधीच्या तीस वर्षांत ठरतं आणि ते ठरवण्यात डॉक्टरपेक्षा मुकादमाचा हात मोठा असतो.

जपानचा दाखला इथे नेहमी दिला जातो. तिथे ६५ वर्षांवरचे लोक २९ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि त्यांतला सुमारे चौथा हिस्सा काम करतो. ज्येष्ठांना थोड्या तासांचं, हलकं काम मिळवून देणारी केंद्रं तिथे १९७५पासून उभी राहिली. २०२१पासून कर्मचाऱ्यांना ७० वर्षांपर्यंत काम मिळावं यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी कायद्याने मालकांवर टाकली. आपल्याकडे हे उदाहरण ‘बघा, जपानी म्हातारे किती काम करतात’ एवढ्यावर थांबतं. तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला पेन्शनची आणि आरोग्यविम्याची कायदेशीर चौकट आहे, हा पाया मात्र सांगितला जात नाही. तो पाया असूनही पेन्शन पुरत नाही म्हणून काम करणारे जपानी कमी नाहीत, हेही सांगितलं जात नाही.

दवाखाना आणि औषधाचं दुकान

२०१७-१८च्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार होता, ४० टक्क्यांना कसलं ना कसलं अपंगत्व आणि २० टक्क्यांना मानसिक आरोग्याचा त्रास. आरोग्यविमा होता १८ टक्क्यांकडे. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय झाली. उत्पन्नाची अट न ठेवणं ही त्यातली खरी मोठी गोष्ट. पेन्शनच्या योजनांना हे का जमू नये, असा प्रश्न पडावा.

पण विमा लागतो तो रुग्णालयात भरती झाल्यावर. म्हाताऱ्या माणसाचे पैसे जातात ते महिन्याच्या गोळ्यांवर: रक्तदाब, साखर, थायरॉइड, सांधे. त्यांचा खर्च विम्यात बसत नाही. परिणाम असा की गोळी एक दिवसाआड घेतली जाते, ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केली जाते आणि मग अर्धांगाचा झटका आल्यावर विम्याचं कार्ड बाहेर निघतं. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, काठी यांचंही तसंच. २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये देण्याचं ठरलं. चांगलं श्रवणयंत्र एवढ्यात येत नाही.

ऐकू न येणं ही किरकोळ गोष्ट समजण्याची चूक आपण फार करतो. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत ऐकू न येणं, दिसणं कमी होणं, एकटेपणा, कमी शिक्षण, रक्तदाब आणि मधुमेह आहेत. या सगळ्यांवर वेळीच काम झालं तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया आणि शहरापेक्षा खेडी पुढे आहेत. शाळेत न पाठवलेल्या मुलींची पिढी आता सत्तरीत आहे. त्या न दिलेल्या शिक्षणाचा हिशेब असा समोर येतो आहे.

पार, कट्टा आणि वारी

माणसांत असणं ही आरोग्याचीच बाब आहे, याला आता भक्कम आधार आहे. २०१०मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसांच्या नोंदी होत्या. ज्यांचे संबंध दाट, त्यांची जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मराठी समाजाला हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. गावात पार होता, शहरात कट्टा आहे. अखिल महाराष्ट्र ज्येष्ठ नागरिक महासंघ म्हणजे फेस्कॉमच्या छत्राखाली गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, नगरपालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. मुंबईत डॉ. मदन कटारियांनी १९९५मध्ये सुरू केलेले हास्यक्लब बागाबागांतून पसरले.

यात येतं कोण, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. संघाची वर्गणी भरणारे, सहलीला जाणारे, वाढदिवस साजरे करणारे बहुतेक पेन्शनवाले असतात. सकाळी दहा वाजता विरंगुळा केंद्रात येऊन वर्तमानपत्र वाचायला आधी दहा वाजता मोकळं असावं लागतं. धुणीभांडी करणारी साठीची बाई त्या वेळी चौथ्या घरात असते. त्याच वयाच्या गृहिणीला नातवाला शाळेतून आणायचं असतं. सहभाग हा वेळेचा प्रश्न आहे आणि वेळ पैशाने मिळतो.

याला मोठा अपवाद वारीचा. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या दिंड्यांत साठीपुढच्या बायकांची संख्या डोळ्यांत भरते. ही योजना ज्येष्ठांसाठी कुणी आखलेली नाही. तिथे म्हातारीला कुणी लाभार्थी म्हणत नाही. ती चालते, गाते, फेर धरते, तुळस डोक्यावर घेते, आणि वर्षातले वीस दिवस स्वयंपाकघरातून सुटते. भजनी मंडळं, हरिपाठ, काकडा हीही अशीच ठिकाणं. वयाने वेगळं काढलेल्या केंद्रांपेक्षा सगळ्या वयांच्या माणसांत असण्याची जागा जास्त टिकते, हे यातून घेण्यासारखं आहे.

बाकीचा सहभाग अगदी साध्या गोष्टींवर अडतो. ऑगस्ट २०२२मध्ये एसटीने ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३मध्ये सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट. लेकीकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, देवाला जाण्यासाठी म्हाताऱ्यांना आता मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत. सहभाग वाढवणारी इतकी स्वस्त आणि थेट योजना दुसरी नसेल. उलट मार्च २०२०मध्ये करोनाच्या निमित्ताने बंद केलेली रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत साथ ओसरल्यावरही परत आली नाही. शहरात फुटपाथ नाहीत, आहेत ते गाड्यांनी भरलेले. एसटी स्टँडवर आणि बाजारात वापरण्याजोगं स्वच्छतागृह नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा आणि लघवी रोखता न येणारी आजी यांना ‘बाहेर पडा, चार माणसांत मिसळा’ असं सांगणं मग निरर्थक ठरतं.

एकाच खोलीतली दोन म्हातारपणं

मुलं पुण्या-मुंबईला, तिथली पुढे अमेरिका-ऑस्ट्रेलियाला. मागे राहिलेल्या आई-वडिलांची देखभाल आता पगारी माणसांवर आली आहे. ब्युरोतून आलेली मावशी बारा तास किंवा चोवीस तास राहते. ऐंशीच्या आजोबांना उठवते, न्हाऊ घालते, जेवण भरवते. तिचं स्वतःचं वय पुष्कळदा पन्नास-पंचावन्न असतं. तिला भविष्य निर्वाह निधी नाही, हक्काची रजा नाही, कंबर गेली तर भरपाई नाही. ज्याची काळजी घेतली जाते आहे तो पेन्शनर आणि जी घेते आहे ती उद्याची निराधार. काळजी घेणाऱ्यांची गरज पुढच्या वीस वर्षांत वाढतच जाणार. या मावश्यांची नोंदणी माथाडी मंडळाच्या धर्तीवर करता येईल. त्या कायद्याचा अनुभव याच राज्याच्या गाठीशी आहे.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७चा केंद्रीय कायदा प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय देतो आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकतो. छळ करणाऱ्या मुलाविरुद्ध तो उपयोगी आहे. पण ज्याचा मुलगा स्वतःच रोजंदारीवर जातो, त्या बापाला या कायद्याचा काय उपयोग? गरिबीचा दोष कृतघ्नतेवर ढकलून सरकारला आपली जबाबदारी हलकी करता येते, हा या कायद्याचा दुसरा परिणाम.

निष्कर्ष

सगळं एकत्र ठेवल्यावर चित्र असं दिसतं. वृद्धांनी काम करावं की नाही, हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. करायचं असेल त्याला करता यावं आणि थांबायचं असेल त्याला थांबता यावं, एवढंच हवं आहे. हा हक्क आज ज्यांना पुरेशी पेन्शन आहे त्यांच्यापुरता मर्यादित आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पेन्शन, मग औषधं, मग बाहेर पडण्याच्या सोयी. विरंगुळा केंद्रं बांधून पेन्शनची उणीव भरून निघत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा निदान लाडकी बहीणइतकी करावी, म्हणजे ६५व्या वाढदिवसाला बाईचे पैसे थांबणार नाहीत, आणि रक्कम महागाईला जोडावी. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या गावाच्या उपकेंद्रात दर महिन्याला खात्रीने मिळाव्यात. आणि ऊसतोड, हमाली, बांधकाम यांसारख्या अंगमेहनतीच्या कामांतल्या माणसांसाठी निवृत्तिवेतनाचं वय ५५वर आणावं, कारण त्यांचं शरीर सरकारी कॅलेंडरप्रमाणे चालत नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद बरेच असतील. त्यांच्याकडे वेळ आहे, लिहिण्या-बोलण्याची सवय आहे, तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याची भीती नाही. पुढच्या मासिक सभेत एकच विषय घ्यावा: आपल्या वॉर्डात किंवा गावात पासष्टी ओलांडलेल्या किती जणांना श्रावणबाळ मिळत नाही, आणि का. यादी करावी, ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ठेवावी आणि उत्तर मिळेपर्यंत दर महिन्याला विचारत राहावं.